लेखापरीक्षणातील आक्षेपांचा पाठपुरावा: एका औद्योगिक वसाहतीच्या लेखापालांना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: "सांगली जिल्ह्यातल्या एका औद्योगिक सहकारी वसाहतीत मी नुकतीच लेखापाल म्हणून रुजू झाले आहे. लहान उद्योजकांना भूखंड आणि शेड देणे, पाणी, रस्ते, दिवे सांभाळणे हे संस्थेचे काम. वैधानिक लेखापरीक्षण दरवर्षी होते. शासनाच्या अनुदानातून झालेल्या कामांची तपासणी वेगळी होते. जुने आक्षेप साचलेले आहेत, काही तर दहा-बारा वर्षांपूर्वीचे. अध्यक्ष म्हणतात, सगळ्यांची एक यादी करा आणि दर तिमाहीला संचालक मंडळापुढे ठेवा. यादी कशी करावी? आक्षेप 'पूर्ण' झाला असे कधी म्हणायचे? पुरात कागद गेलेल्या आक्षेपांचे काय करायचे? आणि यासाठी सॉफ्टवेअर घ्यावे का?"

सॉफ्टवेअरचे आधी सांगून टाकतो. नको. पाच-सहा माणसांच्या कार्यालयाला एक्सेलची एक शीट पुरते. पथ्ये दोनच पाळा. शीटमध्ये लिहिण्याचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा, आणि दर महिनाअखेरीला तिची पीडीएफ काढून, छापून, व्यवस्थापकांच्या सहीने फाईलला लावा. एक्सेलमधला मजकूर बदलता येतो, सही केलेला कागद बदलता येत नाही. केंद्र सरकारच्या खात्यांसाठी महालेखापरीक्षकांच्या परिच्छेदांचा (म्हणजे अहवालातल्या क्रमांकित आक्षेपांचा) मागोवा घेणारी ऑनलाइन प्रणाली आहे, पण तिथे शेकडो कार्यालये आणि हजारो परिच्छेद असतात. तुमच्याकडे सगळे मिळून शंभर-सव्वाशे मुद्दे निघतील. तेवढ्यासाठी वर्गणी भरून कुणाचे पॅकेज घेतलेत, तर पुढच्या वर्षी त्या खर्चावरच आक्षेप येईल.

आता मुख्य गोष्ट. माझी सगळी नोकरी सहकार खात्याच्या लेखापरीक्षणात झाली, आणि निवृत्तीनंतरही संस्थांची दप्तरे पाहणे सुटलेले नाही. आक्षेपांचे रजिस्टर बहुतेक ठिकाणी असते. त्यात आक्षेपासमोर लिहिलेले असते, "अनुपालन सादर, जावक क्रमांक अमुक, दिनांक तमुक." म्हणजे पाठपुरावा झाला तो पत्राचा. पत्र गेले, पोच आली, रकाना भरला. पुढच्या वर्षी लेखापरीक्षक येतो तेव्हा तीच तसलमात (हिशेब न दिलेली आगाऊ रक्कम) तशीच पडून असते आणि तोच भूखंड करार न करता वापरात असतो. तुमच्या यादीला एकच कसोटी लावा: आक्षेपामुळे संस्थेच्या रोजच्या कामात काय बदलायला हवे होते आणि ते बदलले का, हे तिच्यातून दिसते का? दिसत नसेल, तर ते दुसरे आवक-जावक रजिस्टर झाले.

कायद्याने ही अपेक्षा आधीच लिहून ठेवली आहे, फक्त ती कुणी त्या नजरेने वाचत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८१ खाली लेखापरीक्षण होते. कलम ८२ प्रमाणे अहवालाच्या तारखेपासून तीन महिन्यांत संस्थेने दोषांचा खुलासा करायचा, दुरुस्ती करायची आणि केलेल्या कार्यवाहीचा दोषदुरुस्ती अहवाल सहकारी संस्थांच्या निबंधकांना द्यायचा. आपण त्याला 'ओ' नमुना म्हणतो. तोच अहवाल पुढच्या सर्वसाधारण सभेपुढेही ठेवायचा. त्यावर लेखापरीक्षकाने आपला अभिप्राय द्यायचा. समितीने, म्हणजे संचालक मंडळाने, अहवाल दिलाच नाही, तर सदस्यांवर कलम १४६ खाली अपराधाची जबाबदारी येते. आता प्रत्यक्षात काय होते? वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. सभेच्या दोन दिवस आधी 'ओ' नमुना भरायला बसतात आणि तीन वाक्ये आलटून पालटून लिहितात: "नोंद घेतली." "यापुढे दक्षता घेण्यात येईल." "कार्यवाही सुरू आहे." माझ्या पाहण्यात अशी एक संस्था होती जिथे गेल्या वर्षीच्या नमुन्यावर फक्त साल बदललेले होते, आणि एका पानावर तेही बदलायचे राहून गेले होते.

तुमच्या यादीतून ही तिन्ही वाक्ये हद्दपार करा. अध्यक्षांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे नंतर वाद नको.

एक आक्षेप म्हणजे एक ओळ नव्हे

लेखापरीक्षक परिच्छेद लिहितो तो त्याच्या सोयीने. एका परिच्छेदात तीन-चार गोष्टी गुंफलेल्या असतात. समजा मजकूर असा आहे: "भूखंडाच्या हस्तांतरणात प्रचलित दरापेक्षा कमी शुल्क आकारले, नवीन धारकाबरोबर नोंदणीकृत भाडेपट्टा झालेला नाही, तसेच हस्तांतरण शुल्काच्या दरास सर्वसाधारण सभेची मंजुरी दिसून येत नाही. आवश्यक ती कार्यवाही करावी." इथे कामे तीन आहेत. फरकाची रक्कम वसूल करणे हे तुमचे आणि वसुली कारकुनाचे काम. भाडेपट्टा नोंदवणे हे व्यवस्थापकांचे आणि वकिलांचे, त्यात मुद्रांक शुल्क कोणी भरायचे हा वाद येणार. दराला मंजुरी घेणे हे संचालक मंडळाचे आणि सभेचे. तिन्ही एका ओळीत ठेवले की सर्वांत सोपे काम आधी होते, तेवढ्यावर ओळीसमोर "अंशतः पूर्ण" येते आणि उरलेली दोन कामे त्या शब्दाआड वर्षानुवर्षे झोपतात. म्हणून परिच्छेद फोडा. मूळ परिच्छेद क्रमांक तोच ठेवा, त्याला १२/अ, १२/आ, १२/इ असे उपक्रमांक द्या आणि प्रत्येकाला स्वतंत्र ओळ द्या.

फोडताना मूळ मजकूर मात्र शब्दशः एका रकान्यात राहू द्या. त्याचा सारांश करू नका. सारांश करणारा माणूस संस्थेचा असतो, त्यामुळे आक्षेपाची धार आपोआप बोथट होते. "शुल्क कमी आकारले" याचे "शुल्क आकारणीबाबत" होते. हा "बाबत" आला की समजावे, मुद्दा मेला.

आणखी एक. "आवश्यक ती कार्यवाही करावी" या वाक्यावरून कुणालाच काही करता येत नाही. अहवालाचा मसुदा चर्चेला येतो तेव्हाच लेखापरीक्षकाला विचारा, "साहेब, काय दाखवले की तुम्ही हा मुद्दा वगळाल?" चांगला लेखापरीक्षक लगेच सांगतो. जो सांगू शकत नाही, त्याचा आक्षेपही बहुधा कच्चा असतो आणि तो त्याच बैठकीत दुरुस्त होऊ शकतो. पुढच्या वर्षी दुसरा माणूस आला की ही संधी गेली.

रकाने

सगळे रकाने सांगत बसत नाही. लेखापरीक्षण वर्ष, परिच्छेद क्रमांक, कोणत्या तपासणीतला मुद्दा हे तुम्ही ठेवालच. ज्यांवरून वाद होतात तेवढ्यांबद्दल बोलतो.

जबाबदारीच्या रकान्यात पद लिहा आणि त्या वेळच्या माणसाचे नावही लिहा. नुसते "व्यवस्थापक" लिहिले की माणूस बदलला तरी ओळ तशीच राहते, नवा म्हणतो "माझ्या आधीचे आहे." नुसते नाव लिहिले तर तो माणूस निवृत्त झाल्यावर ओळ अनाथ होते. पदभार हस्तांतरणाच्या यादीत या ओळी जोडायला लावा. किल्ल्या आणि चेकबुक देताना जशी सही होते, तशी आक्षेपांवरही व्हावी.

तारखेचे रकाने दोन: पहिल्यांदा कबूल केलेली तारीख आणि आताची तारीख. पहिली कधीही पुसायची नाही. तिसऱ्या रकान्यात तारीख किती वेळा पुढे गेली तो आकडा. संचालक मंडळ बाकी शीट वाचेल न वाचेल, हा आकडा वाचते. चार वेळा पुढे गेलेल्या कामाबद्दल कुणीतरी सभेत विचारतेच.

रकमेच्या रकान्याशेजारी रकमेचा प्रकार लिहा. वसूल करायची रक्कम वेगळी, केवळ प्रमाणक (व्हाउचर) सापडत नाही म्हणून आक्षेपात धरलेली वेगळी, कार्योत्तर मंजुरी बाकी असलेली वेगळी. यांची बेरीज करून "आक्षेपाधीन रक्कम इतके लाख" असा आकडा सभेत वाचून दाखवतात. त्या आकड्याला काहीही अर्थ नसतो. झालेल्या रस्त्याच्या पूर्ण बिलावर मोजमाप पुस्तिकेअभावी (कामाची मापे नोंदवायच्या वहीअभावी) आक्षेप आलेला असतो, आणि खरोखर बुडू पाहणारी भाड्याची थकबाकी त्या मोठ्या रकमेच्या सावलीत दिसेनाशी होते.

सर्वांत महत्त्वाचा रकाना म्हणजे पुराव्याचा, आणि तो सुरुवातीलाच भरायचा. काम झाल्यावर हाताशी असेल तो कागद जोडायचा आणि त्याला पुरावा म्हणायचे, असे नको. "काय दिसले की हे झाले म्हणायचे" ते आधी लिहा.

पाण्याचा आक्षेप: नीट उलगडून

बहुतेक वसाहतींत हा आक्षेप सापडतो, म्हणून त्यावरच सांगतो. वसाहत एमआयडीसीकडून किंवा अन्य पुरवठादाराकडून घाऊक पाणी घेते आणि भूखंडधारकांना वाटते. लेखापरीक्षक लिहितो, "खरेदी केलेले पाणी आणि आकारणी केलेले पाणी यांत तफावत आहे, तोटा संस्थेवर पडतो, मीटर बसवावेत." पहिल्या वर्षीचे उत्तर, "मीटर बसवण्याची कार्यवाही सुरू आहे." दुसऱ्या वर्षी, "दरपत्रके मागवली आहेत." तिसऱ्या वर्षी, "मीटर बसवले." रकान्यात बरोबरची खूण. चौथ्या वर्षी नवा लेखापरीक्षक येतो, तफावत तशीच, आणि आक्षेप नव्या क्रमांकाने पुन्हा येतो. मीटर बसले होते हे खरेच. पण निम्म्यांचे वाचन कोणी घेत नव्हते, बंद शेडच्या जोडण्या तोडलेल्या नव्हत्या, आणि बागेला व रस्त्याच्या कामाला जाणाऱ्या पाण्याची नोंदच नव्हती.

इथे चूक कुठे झाली? "मीटर बसवावेत" ही शिफारस म्हणजेच आक्षेप असे धरले गेले. मूळ दोष तफावतीचा होता. म्हणून या ओळीच्या पुराव्याच्या रकान्यात असे लिहा: "सलग तीन महिन्यांचे खरेदी-विक्री पाणी ताळमेळ पत्रक, तफावत मंडळाने ठरविलेल्या मर्यादेत." मर्यादा किती, ते मंडळाने ठरावाने ठरवावे. गळती शून्य कुणाचीच नसते. हा पुरावा आधीच ठरला की मीटरची खरेदी हे साध्य न राहता साधन होते, आणि मीटरवाल्याचे बिल जोडून ओळ बंद करण्याचा मार्गही बंद होतो.

याच ओळीला आणखी एक रकाना जोडा, "पूर्वी आला होता का". हाच मुद्दा मागच्या कोणत्या वर्षांत, कोणत्या क्रमांकाने आला ते त्यात लिहा. जुने अहवाल घेऊन दोन-चार दिवस बसावे लागेल. बसाच. पुन्हा पुन्हा येणारे मुद्दे वेगळे काढले की दिसेल, वसाहतीचे मोठे आजार पाच-सातच आहेत: पाणी, थकीत भाडे, न नोंदवलेले करार, तसलमात समायोजन, बँक ताळमेळ, बंद पडलेल्या शेड. बाकीची सत्तर-ऐंशी टक्के यादी म्हणजे त्यांचीच पिल्ले. (टक्केवारी अंदाजाने म्हणतोय, तुमची तुम्ही मोजा.)

पूर्ण कधी म्हणायचे

मी पाच अवस्था सुचवतो. काहीच नाही. निर्णय झाला, म्हणजे ठराव किंवा आदेश निघाला. अंमल झाला. तपासून पाहिले. लेखापरीक्षकाने वगळले. यातली कुठलीही अवस्था मागच्या कागदाशिवाय लिहायची नाही. "अंशतः" लिहायचे असेल तर आकड्यासह लिहायचे: "४० पैकी २६ करार नोंदवले."

ठराव झाला की काम झाले असे मानण्याची आपल्याकडे मोठी सवय आहे. प्रोसिडिंग बुकात ठराव सुरेख अक्षरात असतो, "सर्वानुमते मंजूर". त्यानंतर आदेश निघत नाही. म्हणून 'निर्णय' आणि 'अंमल' या दोन वेगळ्या पायऱ्या.

'अंमल' आणि 'तपासून पाहिले' यांत किमान तीन महिने जाऊ द्या. आक्षेपानंतर पहिला महिना सगळे शहाण्यासारखे वागतात. डेडस्टॉक रजिस्टरवर (फर्निचर, यंत्रे अशा टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीवर) सह्या होतात, ताळमेळ पत्रक पाच तारखेला तयार असते. चौथ्या महिन्यात जाऊन पाहा, तेव्हा खरे कळते. तपासणारा माणूस काम करणाऱ्याहून वेगळा हवा. तुमच्या खात्यावरचे आक्षेप तुम्ही स्वतः 'तपासले' म्हणून बंद करू नका. ते एखाद्या संचालकाकडून किंवा अंतर्गत तपासनिसाकडून करून घ्या. लहान संस्थेत माणसे कमी असतात, मान्य. तरी सही दुसऱ्याची असू शकते.

शेवटची अवस्था तुमच्या हातातली नाही. लेखापरीक्षकाचा लेखी अभिप्राय आल्याशिवाय आक्षेप वगळला गेला असे धरायचे नाही. "तोंडी बोलणे झाले आहे" याला दप्तरात किंमत नाही.

लेखापरीक्षकाचे म्हणणे पटले नाही तर? तर तसे लिहा. हा मार्ग आपल्याकडे लोक वापरतच नाहीत. मनातून अमान्य असते, कागदावर मात्र "कार्यवाही सुरू". कुठे तो नियम आपल्या प्रकारच्या संस्थेला लागू नसतो, कुठे खर्च फायद्यापेक्षा जास्त असतो. अशा वेळी संचालक मंडळाने कारणांसह ठराव करावा की हा धोका आम्ही जाणून स्वीकारत आहोत, आणि त्याऐवजी अमुक पर्यायी तपासणी ठेवत आहोत. अंतर्गत लेखापरीक्षणाच्या आंतरराष्ट्रीय मानकांतही, व्यवस्थापनाने धोका स्वीकारला असेल तर तो उघडपणे नोंदवला जावा, हीच अपेक्षा आहे. निबंधकांना ते मान्य होईल की नाही हा पुढचा प्रश्न. पण "अमान्य, कारण असे" ही ओळ प्रामाणिक असते आणि तिच्यावर चर्चा तरी होते.

आणि सगळे एका वर्षात संपेल या आशेवर राहू नका. अमेरिकी संसदेसाठी काम करणारी सरकारी लेखापरीक्षण संस्था तिच्या शिफारशींचा हिशेब चार वर्षांनी मांडते, आणि तिने स्वतःपुढे ठेवलेले लक्ष्यही शंभर टक्क्यांचे नसते. त्यांना वेळ लागतो तसा तुम्हालाही लागेल. फक्त कलम ८२ चे तीन महिने अहवाल देण्यासाठी आहेत, ते चुकवू नका. काम अपुरे असेल तर अपुरेच लिहून द्या.

जुना ढीग

तासगावात बेदाण्याची प्रत लावतात, तशी आधी जुन्या आक्षेपांची प्रत लावा. वसुलीचे आक्षेप सर्वांत वर, कारण त्यांना मुदतीचा कायदा लागू होतो. तुम्ही यादी सजवत बसाल आणि दावा मुदतबाह्य होईल. हे आक्षेप वेगळे काढून त्याच आठवड्यात वकिलांना दाखवा. भूखंडधारक जिवंत आहे का, युनिट चालू आहे का, भूखंड तिसऱ्याच्या ताब्यात आहे का, हे प्रत्यक्ष जाऊन पाहा. वसुलीची नोटीस वर्षानुवर्षे बंद शेडच्या दाराला चिकटवली जाते आणि मालक पुण्यात असतो.

मग आताही चालू असलेले दोष. मग जे आपोआप संपले आहेत ते: ज्या यंत्राच्या नोंदीवर आक्षेप होता ते यंत्रच रीतसर लिलावात विकले गेले, असे. यांचे कागद एकत्र लावून लेखापरीक्षकांसोबत एक बैठक मागा आणि एकाच दिवशी जमतील तेवढे वगळून घ्या. एकेका मुद्द्यावर स्वतंत्र पत्रव्यवहार केलात तर दोन वर्षे जातील.

"कागदं पाण्यात गेली"

सांगलीत हे वाक्य ऐकले नाही असा लेखापरीक्षक नसेल. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २००५ आणि २०२१ चे पूरही लोकांच्या लक्षात आहेत. गावभागातली, नदीकाठची कित्येक कार्यालये बुडाली, दप्तरांचा लगदा झाला. हे सगळे खरे आहे, त्यात कुणाला दोष नाही. पण या खऱ्याच्या आडोशाला खोटेही बरेच उभे राहिले. नदीपासून लांब, माळावर कार्यालय असलेल्या एका संस्थेच्या सचिवांनी मला अगदी सरळ चेहऱ्याने सांगितले होते, "साहेब, २०१९ ला सगळी प्रमाणकं वाहून गेली बघा." त्यांच्या दारात गुडघाभरही पाणी आलेले नव्हते. मी शेजारच्या कारखान्यात चहा घेताना विचारले, एवढेच.

म्हणून पुरात कागद गेलेला आक्षेप आला की पहिला प्रश्न: त्या वेळचा कागद काय आहे? पंचनामा, विमा कंपनीकडे केलेला दावा, निबंधक कार्यालयाला त्याच महिन्यात कळवलेले पत्र, संचालक मंडळाचा ठराव, खराब झालेल्या दप्तराची यादी. यातले काही असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. काहीच नसेल आणि आज यादी तयार केलीत, तर तिच्यावर विश्वास ठेवायला कुणी बांधील नाही. त्यामुळे "पुरात नष्ट" हे शब्द या यादीत अवस्था म्हणून वापरू नका. ते कारण आहे, ते शेऱ्यात लिहा. अवस्था "काहीच नाही" हीच.

दुसरा प्रश्न: बाहेर काय शिल्लक आहे? संस्थेचा कागद गेला तरी व्यवहाराची दुसरी बाजू बहुधा कुठेतरी कोरडी असते. बँकेकडून खाते उतारा आणि उपलब्ध असल्यास चेकची प्रत मिळते. नोंदणीकृत भाडेपट्ट्याची प्रमाणित प्रत आणि सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू) दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते. ठेकेदाराच्या बिलातून कर कापला असेल, तर टीडीएस विवरणपत्रात रक्कम आणि तारीख असते. वीज आणि पाण्याच्या बिलांच्या दुय्यम प्रती पुरवठादार देतो. भूखंडधारकाने पावती जपून ठेवलेली असते, कारण त्याला तुमच्या दप्तराचा कधीच भरवसा नसतो. अनुदानातून झालेल्या कामाचे उपयोगिता प्रमाणपत्र ज्या कार्यालयाला पाठवले तिथे त्याची प्रत असते. आणि रस्ता, गटार, शेड या वस्तू जमिनीवर उभ्या आहेत. मोजमाप पुस्तिका गेली असेल तर अभियंत्याकडून आजचे मोजमाप करून घ्या आणि ते देयकाशी ताडून पाहा. फरक निघाला तर तोही लिहा.

एवढे करून जे उरेल, त्यातली येणे रक्कम निर्लेखित करायची, म्हणजे बुडीत म्हणून खात्यातून काढायची असेल तर लेखापरीक्षकाचा दाखला, सर्वसाधारण सभेची मंजुरी आणि निबंधकांची परवानगी हा रस्ता आहे. तो लांबचा आहे, पण दुसरा नाही.

या कामात तुमचा पुष्कळ वेळ जाईल. अध्यक्षांना सांगा की दोन महिन्यांसाठी एक मदतनीस द्या. अनुभव असा की यादीसाठी सगळे उत्सुक असतात, मदतनीस म्हटले की विषय पुढच्या सभेवर जातो.

मंडळापुढे काय ठेवायचे

पूर्ण शीट ठेवू नका. कोणी वाचणार नाही, आणि वाचले तर सोप्या ओळी वाचतील. एक पान करा. "८५ टक्के आक्षेपांची पूर्तता" असे वाक्य त्यावर नको. स्टॅम्प, सह्या, पाननंबर असले चाळीस मुद्दे संपले आणि थकीत भाडे, पाणी, करार जसेच्या तसे राहिले, तरी टक्केवारी झकास दिसते. त्याऐवजी हे दाखवा: वसुलीचे आक्षेप आणि त्यांची रक्कम, गेल्या तिमाहीपेक्षा किती घटली, तीन वर्षांपेक्षा जुने मुद्दे, दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा आलेले मुद्दे, आणि ज्यांची तारीख दोनदा पुढे गेली ते, जबाबदार व्यक्तीच्या नावासह. चर्चा झाली की इतिवृत्तात नुसते "चर्चा झाली" लिहू देऊ नका. कोण, काय, कधीपर्यंत, हे आलेच पाहिजे.

आता अवघड भाग, जो तुम्ही विचारलेला नाही पण तुमच्या वाट्याला येणारच. तुमचे संचालक स्वतः भूखंडधारक आहेत. थकबाकीच्या यादीत त्यांच्यापैकी एखाद्याचे किंवा त्याच्या भावाचे नाव निघेल. कोणीतरी हळूच सांगेल, "ती ओळ या वेळेपुरती बाजूला ठेवा." ठेवू नका. कलम ७३ सीए खाली थकबाकीदार समिती सदस्य अपात्र ठरू शकतो, आणि ती ओळ माहीत असूनही मंडळापुढे आली नाही हे उद्या उघड झाले, तर पहिला प्रश्न यादी करणाऱ्याला विचारला जाईल. पण भर सभेत त्यांना तोंडघशी पाडण्याचेही कारण नाही. सभेच्या किमान पंधरा दिवस आधी त्या संचालकांना, इतर कोणत्याही थकबाकीदाराला जाते तसेच, त्याच नमुन्यातले, जावक क्रमांकासह पत्र पाठवा. बरेच जण सभेआधी पैसे भरतात. जे भरत नाहीत त्यांची ओळ बाकीच्यांच्या ओळींबरोबर, रकमेच्या उतरत्या क्रमाने, आपल्या जागी येऊ द्या. त्यांच्या थकबाकीवर चर्चा होताना त्यांनी बाहेर थांबावे, असे अध्यक्षांनी सुचवावे, तुम्ही नाही. आणि त्या महिन्याची सही केलेली पीडीएफ सभेच्या आदल्या दिवशीच फाईलला लावून ठेवा.